दुरुस्तीला टाकलेलं पिस्तूल

३ सप्टेंबर

ग्लेंडा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडून टाकायचं तुझ्या मनात येईल. टाक, पण आधी एकदा वाच. चार वर्षं आपण बोललो नाही. मी तुझ्या दारात आले नाही आणि माझ्या नवऱ्याच्या, ड्वेनच्या दफनाला तू आली नाहीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. मला एवढंच विचारायचंय, कॉर्बिन सुटून तुझ्याकडेच आलाय का?

तुरुंगाच्या ऑफिसातून मला छापील चिठ्ठी आली. साक्षीदाराला कळवावं लागतं म्हणे. कैद्याचं नाव, सुटकेची तारीख, आणि साक्षीदाराच्या जवळ जायची त्याला मनाई आहे, एवढंच त्यात होतं. तो राहणार कुठे ते काही नव्हतं. पण आईला सोडून तो जाणार कुठे? ती चिठ्ठी हातात धरून मी टपालपेटीजवळ गवतातच बसले. शेजारचा म्हातारा गाडी थांबवून विचारत होता, चक्कर आली का. मी म्हटलं, चप्पल तुटली.

तू काय म्हणशील मला ठाऊक आहे. मावशीने तोंड मिटून घेतलं असतं तर पोरगा आत गेला नसता. ग्लेंडा, लॉन्ड्रीच्या काचेतून मी जे बघितलं ते बघितलं. तो माणूस खाली पडला, हात जोडायला लागला, तरी कॉर्बिन लाथा घालायचा थांबला नाही. त्या माणसाचा डोळा गेला. शपथ घ्यायला लावून विचारल्यावर मी दुसरं काय सांगणार होते? तू कोर्टाच्या पायऱ्यांवरून माझ्याकडे न बघता उतरलीस. तुझ्या मागून त्याला बेड्या घालून नेत होते. माझ्याजवळून जाताना तो हसला आणि म्हणाला, "भेटू, मावशी." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी भ्याले नसते.

म्हणून मी ड्वेनचं पिस्तूल बाहेर काढलं. त्याच्या वडिलांनी सैन्यातून आणलेलं ते जड धूड, तू पाहिलंयस. माझ्या बोटांचं तुला माहीतच आहे. मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडवत नाही. त्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी आत जात नाही, आणि तो काही केल्या ओढवेना. गुडघ्यांत धरून, फडकं गुंडाळून, सगळं करून पाहिलं.

ग्रीनफोर्कला टॉफ्ट म्हणून एकजण बंदुका दुरुस्त करतो, त्याच्याकडे घेऊन गेले. चामड्याचा एप्रन बांधलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "नवं हलकं घ्या. पाचशे डॉलरात येईल."

"मला हेच हवंय."

"का?"

"नवऱ्याचं आहे."

त्यावर त्याने माझे हात पुढे करायला सांगितले, उलटसुलट करून बघितले, मुठीचं माप घेतलं. म्हणाला, स्प्रिंग हलकी करू, मूठ बारीक करू, बोट पोचेल असा चाप बसवू, आणि नेम धरायचा पुढचा ठिपका मोठा करू म्हणजे चष्म्याशिवाय दिसेल. साडेचारशे धरा. मी शंभरेक धरून गेले होते. तरी हो म्हटलं.

तुला हे का सांगतेय कुणास ठाऊक. दुसरं कोणी नाही म्हणून. कॉर्बिन तुझ्याकडे असेल तर एक ओळ लिही. नुसतं "आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल.

लोरेटा

१९ सप्टेंबर

ग्लेंडा,

तुझं काही उत्तर नाही. ठीक आहे.

टॉफ्टचा फोन आला होता. मला वाटलं, झालं काम, घेऊन जा म्हणतोय. तर म्हणाला, "मिसेस बेल, हे याआधी कोणी उघडलं होतं?"

"माझ्या नवऱ्याने. त्याला सगळंच उघडायची हौस होती. टोस्टरसुद्धा."

"त्याने आतला खटका कानशीने घासलाय. चाप हलका व्हावा म्हणून केलं असणार. हे नुसतं हातातून खाली पडलं असतं तरी उडालं असतं."

 ते तीस वर्षं आमच्या पलंगाजवळच्या खणात होतं. कॉर्बिन लहान असताना, तू रात्रपाळीला जायचीस तेव्हा, तो त्याच खोलीत झोपायचा. खण उघडून त्यातल्या गोळ्या खायचा, खोकल्याच्या. आठवतं ना?

"मग आता?" मी विचारलं.

"आतलं सगळं नवं घालावं लागेल. आणि जुन्या घडणीचं आहे, तयार भाग नुसते आणून बसत नाहीत. एकेक घासून, लावून, काढून, परत घासून बसवायचा. त्याला वेळ जातो. अठराशे सत्तर होतील."

"डॉलर?"

"हो."

"अहो, मी पिस्तूल दिलंय दुरुस्तीला, ट्रॅक्टर नाही."

"ट्रॅक्टर स्वस्तात झाला असता," तो म्हणाला. आणि तो थट्टा करत नव्हता.

मी चिडले. म्हटलं, राहू द्या, जसं होतं तसं परत द्या. तर म्हणे, डब्यात घालून सुटं देईन, जोडून देणार नाही. जोडून दिलं आणि तुमच्याच पायात गोळी गेली तर मी काय उत्तर देऊ? मी म्हटलं, मला पायाची काळजी नाही. त्याने विचारलं, "मग कशाची आहे?" मी सांगितलं नाही. शेवटी म्हटलं, करा.

लुटतोय मला, दुसरं काय. अडलेली बाई दिसली की सगळे तेच करतात. पण बाईजवळ पर्याय काय आहे? शेरीफच्या ऑफिसात फोन केला होता. तिथला पोरगा, मी शाळेची बस चालवायचे तेव्हा माझ्याच मागे बसून मोठा झालाय. म्हणाला, "लोरेटाबाई, त्याने अजून काही केलेलं नाही." करेपर्यंत थांबायचं, असा त्याचा अर्थ.

म्हणजे आत्ता माझ्याकडे घरात काही नाही, भाजी चिरायची सुरी सोडली तर. ते पिस्तूल टॉफ्टच्या टेबलावर सुटं पडलंय आणि महिनाभर तरी मिळत नाही. मागच्या दाराच्या कडीला मी जुन्या चमच्यांचा घोस बांधलाय, कोणी ढकललं तर वाजेल म्हणून. भांडी घासताना नळ मध्येच बंद करून कान देते. गाडी रस्त्याकडे तोंड करून लावते. दिवसा स्वतःलाच हसते, आणि अंधार पडला की चमचे नीट बांधलेत ना ते परत बघते.

रविवारी चर्चमध्ये तू नव्हतीस. कोणीतरी म्हणालं, हल्ली दिसत नाही. बरी आहेस ना?

लोरेटा

७ ऑक्टोबर

ग्लेंडा,

आज फार लिहीत नाही. ड्वेनची होडी विकली. घेणाऱ्याने तिच्यावर हात फिरवला तेव्हा मी घरात निघून आले. होडीचे आणि माझ्या साठवणीतले मिळून अकराशे जमलेत. टॉफ्टला कळवलं, उरलेले हप्त्याने देईन. तो म्हणाला, पूर्ण पैसे आल्याशिवाय तो वस्तू सोडत नाही, दोनदा पोळलाय.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. काल पुलाजवळ तुझी निळी पिकअप उभी होती. समोरून उन्हाची तिरीप येत होती, आत कोण आहे ते दिसलं नाही, पण तुझीच गाडी, दाराला पोचा पडलेली. मी हात केला. तू दिवे मिचकावलेस.

घरी येऊन मी कितीतरी वेळ गाडीतच बसून राहिले. एवढं केलंस, पुष्कळ झालं. माझी पत्रं मिळतायत आणि तू वाचतेयस, हे कळलं. एकटीने घाबरण्यापेक्षा हे बरं.

लोरेटा

१५ ऑक्टोबर

ग्लेंडा,

हे पत्र तुझ्या घरी पाठवलेलं नाही. तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या बर्निसच्या नावाने पाठवतेय. वरचं पाकीट तिचं, आतलं तुझं. तिने तुझ्या हातात दिलं असेल तर इथेच वाच आणि इथेच फाड. घरी नेऊ नकोस.

याआधी मी तुला तीन पत्रं लिहिली. तुला त्यातलं एकही मिळालेलं नाही, हे मला रविवारी कळलं.

दुपार होती, लख्ख ऊन होतं. मी मागच्या अंगणात लाकडं फोडायला घेतली होती. माझ्याकडून फुटत नाहीत, नुसती कुऱ्हाड रुतते, तशी एकात रुतली होती. तुझ्या गाडीचा आवाज आला. ग्लेंडा, मी खूश झाले. हात पुसत पुढे गेले. गाडीतून कॉर्बिन उतरला.

जाड झालाय. केस बारीक कापलेत. मला म्हणाला, "मावशी, दे इकडे, तुझ्याने नाही व्हायचं." आणि रुतलेली कुऱ्हाड एका हाताने उपटून घेतली.

मला पळता आलं नाही.  तो लाकडं फोडायला लागला, सावकाश, एकेक नीट उभं करून. दोन घाव घातले की एक वाक्य बोलायचा.

"पिस्तूल कधी मिळतंय?"

मी म्हटलं, "कुठलं पिस्तूल?"

"ड्वेनकाकांचं. अठराशे सत्तर म्हणजे फारच झाले. म्हातारा लुटतोय तुला."

मला आधी समजलंच नाही. मी मनात म्हणत होते, टॉफ्टने सांगितलं असेल. मग तो म्हणाला, "चमचे बांधायची युक्ती चांगली आहे. पण पुढच्या दाराला का नाही बांधलेस?"

तेव्हा मला कळलं. बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्याने कुऱ्हाड टेकवली आणि हसला. म्हणाला, "टपाल मीच आणतो ना. आईच्या चष्म्याची काच फुटलीय, तिला वाचता येत नाही हल्ली. आणि पुलावर मीच होतो, मावशी. तू हात केलास, मला बरं वाटलं."

माझ्याकडे काही नाही, पिस्तूल सुटं पडलंय, महिनाभर मिळणार नाही, सगळं मीच त्याला लिहून कळवत होते. टपालखर्च माझा.

मी म्हटलं, "तुला इथे यायची मनाई आहे. मी फोन करीन."

"कर की. मला परत आत टाकतील. पण लगेच नाही टाकत गं. आधी त्यांना शोधावं लागतं. तेवढ्या वेळात मी घरी जाऊन येईन. आई घरीच आहे."

आवाज चढवला नाही त्याने. सगळी लाकडं फोडली, भिंतीला लावून रचून ठेवली, वरची फळी सरळ केली. जाताना म्हणाला, "लिहीत राहा. मला वाचायला आवडतं."

मी फोन केला नाही. त्याने आईचं नाव घेतलं म्हणून केला नाही. चष्म्याची काच कशी फुटली, ग्लेंडा?

इतके दिवस मला वाटायचं, तू त्याच्या बाजूने आहेस आणि मी एकटी घाबरतेय. आता वाटतंय, मी निदान दार लावून घेऊ शकते.

ड्वेनचं पिस्तूल मी ग्रीनफोर्कला टॉफ्टकडे दुरुस्तीला टाकलंय, काल त्याचा परत फोन आला. काम झालंय. पण नळीच्या तोंडाला चीर निघाली, तीही बदलावी लागली, एकूण सव्वीसशे चाळीस. मी ओरडले नाही. ओरडायला अंगात काही उरलंच नव्हतं. माझ्याजवळ अकराशे आहेत, उरलेले कुठून आणायचे ते मला सुचत नाही. घर गहाण टाकायला बँकेत गेले तर तिथली मुलगी विचारणार, कशासाठी. काय सांगू? पण हे तुझं दुखणं नाही. तू फक्त बर्निसजवळ सांग, हो किंवा नाही. घरी सगळं ठीक आहे का. नाही असेल तर नाही म्हण.

लोरेटा

२८ ऑक्टोबर

ग्लेंडा,

बर्निस म्हणाली, तू पत्र वाचलंस, फाडलंस, भांड्यांच्या गरम पाण्यात टाकलंस आणि काही बोलली नाहीस. हो नाही आणि नाहीही नाही. मी समजले, तुला माझ्याशी बोलायचं नाही. मग आज ग्रीनफोर्कला गेले. अकराशे घेऊन. ठरवलं होतं, हातापाया पडायचं, आणि तो ऐकत नसेल तर सुटं डब्यात घालून आणायचं. रिकामं का होईना, समोर धरलं तर दिसायला तरी पिस्तूल दिसेल.

मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. टॉफ्टने पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"पैसे आलेत."

"कुठले पैसे?"

"सगळे. मंगळवारी एक बाई येऊन भरून गेल्या. रोख."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं. तुमच्यासारखीच हनुवटी आहे. चष्म्याला चिकटपट्टी लावलेली. शाळेच्या बसने आल्या होत्या, बस बाहेर थांबली होती."

मी खुर्ची शोधत होते. त्यानेच पुढे केली.

मग त्याने जे सांगितलं ते तुला माहीतच आहे, पण मला ते परत लिहून बघायचंय. तू वीस वीसच्या नोटा मोजून दिल्यास. डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती, म्हणून मोजायला वेळ लागला. त्याने मदत करू का विचारलं, तू नको म्हणालीस. मग तू एकच प्रश्न केलास, "माझ्या बहिणीला चालवता येईल ना?" तो हो म्हणाला. तेव्हा तू म्हणालीस, "हे मुलासाठी साठवले होते. सुटून आला की कुठेतरी खोली घेऊन द्यावी म्हणून."

टॉफ्ट मला म्हणाला, "मी त्यांना बोटांचं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं." आणि एप्रनला हात पुसत बसला, हात स्वच्छ असताना.

इतके दिवस मी त्याला लुटारू म्हणत होते. त्याने कामाची यादी न मागता दाखवली. एकही डॉलर उगाच लावलेला नव्हता.

दुकानामागे मातीचा बांध आहे, तिथे त्याने मला पिस्तूल चालवून बघायला लावलं. ग्लेंडा, ते माझ्या हातात बसलं. इतकी वर्षं कुठली वस्तू माझ्या हातात अशी बसली नाही. वरचा भाग लोण्यासारखा मागे आला. बोट न ताणता पोचलं. समोरचा ठिपका टपोरा दिसत होता. मी फळीवर मारलं आणि लागलं. परत मारलं, परत लागलं. काही दुखलं नाही, काही अडलं नाही. टॉफ्ट खूश झाला. मी मात्र तिथे फळीकडे बघत राहिले. जड होतं, घट्ट होतं, तेव्हा माझ्या मनात होतं की वेळ आली तरी माझ्याने होणार नाही. आता तो बहाणा राहिला नाही. आणि फळीच्या जागी कोण येणार ते तुला माहीत होतं. माहीत असून तू पैसे भरलेस.

कुठल्या मनाने भरलेस ते मी विचारणार नाही. पण ज्या घरातून तू ते पैसे लपवून बाहेर आणलेस, त्या घरात तुला मी ठेवणार नाही.

शुक्रवारी रोजच्यासारखी कामावर ये. घरून काही आणू नकोस, औषधंसुद्धा नको, त्याला संशय यायला नको. मुलांची जेवणं झाली की बर्निस तुला कचऱ्याच्या डब्यांकडचं दार उघडून देईल. मी तिथे गाडीत असेन. आधी दवाखान्यात जाऊ, बोटांचा फोटो काढू, मग तिथूनच पोलिसात. तुला पटत नसेल तर मी तुझ्याशी भांडत नाही, नुसती गाडी सुरू ठेवून बसते.

लोरेटा

शनिवार, सकाळ

ग्लेंडा,

तू आत झोपलीयस आणि मी स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहितेय. वेडेपणा वाटेल. पण एक गोष्ट मला तुला तोंडाने सांगवत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने तुला गाढ झोप लागली म्हणून तुला काही ऐकू आलं नाही.

तो आला होता.

काल आपण तक्रार देऊनही पोलिसांना तो सापडला नव्हता. उजाडल्यावर मी चहा ठेवत होते. फाटकाशी गाडी थांबली. आधी शेरीफला फोन केला, मग पिस्तूल घेतलं आणि दाराच्या आतून उभी राहिले. दाराला वरती काच आहे, तिच्यातून पायऱ्या दिसतात. तो अंगणाच्या मध्यावर येऊन थांबला.

"मावशी, आई आहे ना आत?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. पण तोंडातून निघालं, "आहे."

"बाहेर पाठव."

"नाही."

"पिस्तूल मिळालं वाटतं."

"मिळालं."

"चालवता येतं?"

"येतं." माझा आवाज इतका बारीक होता की त्याला ऐकू गेला की नाही कोण जाणे.

तो एक पायरी चढला. मी काचेतून नेम धरला. त्याच्या जाकिटाचं वरून दुसरं बटण, त्यावर तो ठिपका. ठिपका काही बटणावरून हलत नव्हता. तो अजून एक पायरी चढला. मला बोटाखाली चाप जाणवला, आणि मला कळलं की पुढच्या पायरीला मी मारणार आहे. मारू की नको असं नाही. मारणार. इतकी भीती मला कोर्टात वाटली नाही, लाकडांपाशी वाटली नाही. मी त्याला भीत नव्हते त्या क्षणी, ग्लेंडा. मी माझ्या बोटाला भीत होते.

आणि मी बोलले, "याचे पैसे तुझ्या आईने भरलेत."

तो थांबला. "काय?"

"सव्वीसशे चाळीस. ग्रीनफोर्कला जाऊन तिने स्वतः मोजून दिले. तुला खोली घेऊन द्यायला साठवलेले."

"खोटं बोलतेस."

"टॉफ्टला विचार."

तो माझ्याकडे बघेना. वरच्या खिडकीकडे बघत होता, जिथे तू नव्हतीस, तू मागच्या खोलीत होतीस. "आईने?" त्याने विचारलं. मग तो पायरीवर बसला, माझ्याकडे पाठ करून. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आता नेम पाठीवर होता. मी पिस्तूल खाली केलं नाही, करायला हवं होतं तरी. तो एकदाच बोलला, "तिला काय वाटलं, मी तिला..." आणि पुढचं त्याने गिळलं.

पोलीस आले तरी तो उठला नाही. दोघांनी उठवून नेला. काही झटापट केली नाही. अट मोडली म्हणून परत आत जाईल, सुनावणी होईपर्यंत तरी. पुढे सुटेल तेव्हा काय, म्हणून मी त्या बसमधल्या पोराला विचारलं. म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. त्यानेच माझ्या हातातून पिस्तूल सोडवलं, माझी बोटं उघडत नव्हती. रिकामं करून त्याने ते कपाटावर ठेवलंय. गोळ्या वेगळ्या ठेवल्यात, कुठे ते मी तुला सांगत नाही आणि तू विचारू नकोस.

तर सांगायचं ते हे. तू ते पैसे त्याला कळू न देता दिले होतेस. मी ते त्याच्या तोंडावर फेकलं. त्याला गोळी घालायची वेळ येऊ नये म्हणून फेकलं, की गोळीपेक्षा जास्त लागावं म्हणून, हे मला खरंच कळत नाहीये. तेव्हापासून तेच मनात घोळतंय. त्याच्या आईने त्याच्या विरुद्ध पैसे मोजले, हे आता तो आयुष्यभर उराशी घेऊन जगणार, आणि ते त्याला माझ्याकडून कळलं. तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस. तो हक्क तुझा होता.

चहा किटलीत आहे. गाडीची किल्ली टेबलावर ठेवलीय. हे वाचून इथे राहवणार नसेल तर गाडी घेऊन जा, बर्निसकडे एक खोली रिकामी आहे, तिने कालच सांगितलंय. मी अडवणार नाही. पण जायच्या आधी मागच्या अंगणात ये आणि काय ते तोंडावर बोल. मी तिथे पानं गोळा करतेय. पानं फार नाहीत, पण सावकाश करीन.

लोरेटा